शटल आता मार्केटपर्यंत जाते

नाशिकला परत आले त्या दिवशी भिशीतल्या बायका घरी जमल्या आणि पहिला प्रश्न पिशवीबद्दल. "बस्त्याला गेला होतात ना, ताई? दाखवा की काय काय घेतलं ते." पिशवीत ढोकीची गुळाची ढेप होती, शेंगाच्या चटणीची बरणी होती आणि जाताना नेलेली माझीच लुगडी होती. दुसरा प्रश्न नव्या रेल्वेबद्दल. मी म्हटलं, गाडी फार छान आहे. त्या म्हणाल्या, मग तोंड असं का? एकेकीला वेगवेगळं सांगत बसायची माझ्यात ताकद नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. ज्यांना त्या बाजूला कधी जायचं नसेल त्यांनीही वाचावं, आणि ज्यांच्या घरात लग्न ठरलेलं असेल त्यांनी तर वाचावंच.

ढोकी

ढोकी माझं माहेर. साखर कारखान्याचं गाव. गाळप चालू असलं की गावाच्या शिवेपासूनच मळीचा वास नाकात शिरतो, तो जेवताना, झोपताना, अंघोळ करतानाही जात नाही. नाशिकचं माणूस तिथं गेलं तर पहिले दोन दिवस नाकाला पदर लावून बसेल. मला मात्र तो वास आला की आई आठवते. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या, त्यांच्यावर कर्कश गाणी, मागून फटफटीवर येणारा माणूस शिव्या देतोय आणि ट्रॅक्टरवाल्याला ऐकूच जात नाही, असं सगळं जिथल्या तिथं होतं.

घरी माझा धाकटा भाऊ दत्तू, त्याची बायको कला आणि त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा. दत्तूला मी कडेवर वागवलेलं आहे. आई रानात जायची, आणि हा माझ्या कमरेला चिकटलेला असायचा. अजूनही मला "आक्का, तुमी" असंच बोलतो. भावकी म्हणावी तर तीन घरं, त्यातल्या दोघांशी बांधावरून बोलणं बंद आणि तिसरं पुण्याला. म्हणून ऋतुजाच्या बस्त्याला घरची माणसं आम्ही चौघंच.

संध्याकाळी कलानं येसराची आमटी केली आणि ज्वारीच्या भाकरी थापल्या. मी आयुष्यभर नाशिकला खानावळ चालवली, हजारो भाकऱ्या माझ्या हाताखालून गेल्या, पण ढोकीच्या ज्वारीचा पांढरेपणा आणि गोडवा मला तिकडच्या पिठात कधी मिळाला नाही. नाशिकला येसर म्हटलं तर गिऱ्हाईक विचारायचं, हे काय आणि. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, उकळत्या पाण्यात सोडायचं, बस. गरिबाचं जेवण म्हणतात, पण मी तीन वाट्या प्याले.

जेवताना सगळा विषय गाडीचा. लातूरकडून येणारी छोटी शटल पूर्वी धाराशिवच्या स्टेशनापर्यंतच जायची आणि तिथंच थांबायची. स्टेशन गावाबाहेर, तिथून पुढं ऑटो, आणि ऑटोवाल्यांचा तोरा बघण्यासारखा. आता तीच गाडी पुढं वाढवून महामार्गाकडेच्या नव्या कापड मार्केटपर्यंत नेली होती.

"वन्सं, आता निस्तं बसायचं अन् उतरायचं. दुकानाच्या दारात गाडी," कला म्हणाली. "गठुडी डोक्यावर घिऊन हिंडायला नको."

ऋतुजा एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी शटल, रोज संध्याकाळी शटल. तिची लॅब त्या मार्केटच्या समोरच. ही गाडी पुढं जावी म्हणून रोजच्या प्रवाशांनी किती अर्ज दिले, कितीदा निवेदनं केली, त्यात ही पोरगी सगळ्यात पुढं होती.

भांडी घासताना तिनं मला हळूच एक गोष्ट सांगितली. असलं आईशी नाही, आत्याशीच बोलायचं. नवरामुलगा महेश, येडशीचा. स्थळ मध्यस्थानं आणलं, मुलगी बघायचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, "तुम्हाला स्वयंपाक येतो का" असले प्रश्नसुद्धा झाले. पण दोघं एकमेकांना त्याच्या आधीपासून ओळखत होते, शटलमधूनच. शटलमध्ये रीत अशी की आधीच्या स्टेशनच्या माणसानं पुढच्या स्टेशनच्या माणसासाठी जागा धरायची. ऋतुजा ढोकीला शेजारच्या जागेवर डब्याची पिशवी ठेवायची आणि येडशीला उचलायची. महेश येऊन बसायचा. त्याचंही ऑफिस मार्केटजवळच, खताच्या कंपनीचं. मध्यस्थ त्यांनीच शोधून पाठवला होता.

"म्हंजे पोहे खाताना दोघं नाटक करत होतात?" मी म्हटलं.

"व्हय," ती हसली. "आत्या, तो लई बोलतो. गाडीत बसला की येडशीपासनं धाराशिवपर्यंत तोंड बंद न्हाय. म्हणतो, मी आहे ना, तू कशाला काळजी करतेस."

एवढी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती. मला तिचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगते, थोडा हेवाही वाटला. माझं लग्न ठरलं तेव्हा मी नवऱ्याचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

शटल

शनिवारी सकाळी निघालो. महेशचे थोरले चुलते भूमला असतात, तिकडं त्यांची खव्याची भट्टी आहे. महेशचे वडील नाहीत, म्हणून घरातला शब्द काकांचा. बस्ता मार्केटातच बांधायचा, आणि शनिवारीच, हे काकांनी ठरवलं होतं. दुपारी अमावस्या लागत होती, म्हणून त्याच्या आत पहिल्या कापडाला कुंकू लागलंच पाहिजे असा त्यांचा निरोप. ते भूमहून जीप घेऊन येणार, वाटेत येडशीला महेशला आणि त्याच्या आईला उचलणार आणि परस्पर मार्केटला पोचणार होते. दुसरा दिवस धरा म्हणायला दत्तूची तयारी होती, पण मुलीचा बाप किती बोलणार?

कलानं पिशवी भरली. हळदकुंकवाचं ताट, सुपाऱ्या, खोबऱ्याची वाटी. दत्तूचा आणि स्वतःचा फोनही तिनं त्याच पिशवीत टाकला आणि पिशवी माझ्या मांडीवर दिली. दत्तूच्या हातात वेगळी थैली, त्यात नारळ आणि गूळ.

गाडी निळी, स्वच्छ, डबे मोजकेच. काळ्या रानातून जाताना दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तुरीची पिवळी पट्टी, मग येडशीचे डोंगर. ते डोंगर उघडे, बोडके, हिवाळ्यातच वाळून गेलेले. आमच्या नाशिककडच्या डोंगरांना निदान द्राक्षबागांचा शेजार तरी आहे. इकडं डोंगर बघितला की तहानच लागते. सवयीनं ऋतुजानं शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती. येडशीला कोणी चढलं नाही, तेव्हा ती स्वतःशीच हसली आणि पिशवी उचलून घेतली.

आता जे झालं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

धाराशिवच्या जुन्या स्टेशनाच्या टोकाला, फलाटाखाली लिंबाच्या झाडाशी एक पीर आहे. ढोकीची जुनी माणसं बस्त्याला निघाली की जोडीनं तिथं उतरून गूळ ठेवतात, नारळ फोडतात आणि मग पेठेत जातात. माझ्या बस्त्याला आईबापांनी ठेवला होता, तो मला आठवतो. गाडी तिथंच संपायची, त्यामुळं घाई कसली नसायची.

ऋतुजानं सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. "आप्पा, आता गाडी तिथं थांबून राहत न्हाय. लगेच सुटती. आपण परत येताना ठेवू गूळ."

"परत येताना?" दत्तू म्हणाला. "आदी बस्ता अन् मग देव? पोरी, तू शिकलीस तेवढं बास. डायवर ह्या टोकाच्या डब्यातनं त्या टोकाला जातो, तवर माणूस चा पिऊन येतंय. म्या काय पयल्यांदा चाललोय का?"

"आप्पा, डायवर आता टोक बदलत न्हाय हितं. मार्केटला बदलतो."

"देवाच्या कामाला गाडी थांबती," असं म्हणून तो उठला. कलाही उठली. जोडीनंच ठेवायचा असतो. "वन्सं, पिशवी धरा, आलोच," म्हणाली.

मी खिडकीतून बघत होते. दोघं फलाटाच्या टोकाकडं चालले होते, कला पदर सावरत मागं. दत्तू खाली उतरला, तिला हात दिला. नारळ फुटल्याचा आवाजसुद्धा मला आला. आणि गाडीनं शिट्टी दिली.

ऋतुजा दारात गेली आणि ओरडली, "आप्पा! आई!" दत्तूनं वर बघितलं. आधी त्याला पटलंच नाही. हातातली करवंटी तशीच धरून उभा राहिला. मग पळायला लागला, त्या वयात, धोतर धरून. डब्यातली दोन माणसं हसली. मला इतका राग आला त्यांचा! पण दरवाजात लोंबकळून आमची पोर पडेल या भीतीनं मी तिलाच मागं ओढलं.

"येतील ऑटोनं," मी म्हटलं. "किती लांब आहे असं?"

ऋतुजाचा चेहरा उतरला होता. "ऑटो न्हायत आत्या हितं आता. गाडी पुढं गेल्यापास्नं सगळे ऑटो मार्केटला लागतात."

फोन करावा म्हटलं, तर दोघांचेही फोन माझ्या मांडीवरच्या पिशवीत.

मार्केट

मार्केटचं स्टेशन नवंकोरं. रंगाचा वास अजून गेलेला नाही, बाकड्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. जिना चढून पलीकडं उतरलं की समोर कापडाच्या दुकानांची रांग, काचेच्या मागं नवरदेव-नवरीचे पुतळे, लाउडस्पीकर. शनिवारचा दिवस, सगळ्या तालुक्यांतून बस्त्याची माणसं लोटलेली. नऊवारीतल्या म्हाताऱ्या सरकत्या जिन्यापुढं थबकून उभ्या, मागचे त्यांना ढकलतायत. आमच्या नाशिकला आता बस्ता चार माणसं मोटारीतून जाऊन उरकतात. इथं अजून अख्खं घर येतं. मला ते आवडलं असतं, एरवी.

महेशची आई, महेश आणि काका दुकानाच्या दारात उभेच होते. काका उंच, पांढरा फेटा, अंगाला खव्याचा मंद वास. हातात पेढ्यांचा पुडा. "या," म्हणाले, आणि आमच्या मागं बघत राहिले. "मालक कुठंयत?"

मी झालं ते सांगितलं. महेशच्या आईनं तोंडाला पदर लावला. ती हसली की हळहळली, मला अजून कळलेलं नाही.

आम्ही थांबलो. गादीवर पांढरी चादर अंथरलेली, दुकानदारानं चहा पाठवला, मग थंड पाठवलं. मी दोनदा जिन्यापाशी जाऊन बघून आले. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून घसा साफ करायला सुरुवात केली.

"बाई, अमावस्या लागली की मग कापडाला हात लागायचा नाही," ते म्हणाले. "मग पुढचा मुहूर्त कधी, आणि लग्न कधी? माणूस मागं राहिलं तर राहिलं, येतंय. पहिल्या कापडाला कुंकू तेवढं लावून घेऊ."

"आमची कला येऊ द्या. तिनं लावायचं."

"तुम्ही आत्या ना? वडलांची सख्खी थोरली बहीण? कपाळाला कुंकू आहे तुमच्या. मग लावा की. तुमचा मान मोठा."

आमच्या नाशिकच्या घरात आत्याशिवाय लग्नातलं पान हलत नाही. माझ्या पोरांच्या बस्त्यात पहिलं कुंकू नणंदेनंच लावलं, तिथली रीतच ती. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. "लावा आत्या," ती म्हणाली. "न्हायतर आज हुणारच न्हाय." आणि तिच्या डोळ्यांत अशी काकुळती होती, की मी ताट काढलं.

पहिलं कापड देवीचं, हिरवं पातळ. महेशच्या आईनं कुंकू लावलं, मी लावलं. मग दुकानदारानं शालू टाकले. ऋतुजानं आणि महेशनं फोनवर फोटो बघून आधीच ठरवलेला डाळिंबी शालू होता, तो तिनं खांद्यावर घेतला आणि आरशात बघितलं. महेश मागून बघत होता. त्या दोघांची आरशात नजरानजर झाली. तेवढाच एक क्षण चांगला गेला त्या दिवसातला.

तेवढ्यात दत्तू आला.

धुळीनं माखलेला, घामाघूम, कलाच्या एका पायात चप्पल आणि एक हातात. जुन्या स्टेशनापासून सगळी वाट दोघं चालत आले होते. दत्तूनं चादरीवरचं हिरवं पातळ बघितलं, त्यावरची कुंकवाची दोन बोटं बघितली, आणि तो दारातच थांबला.

"आमचं कुंकू कुणी लावलं?"

"मी लावलं," मी म्हटलं. "अरे, अमावस्या..."

"तुमी?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आक्का, तुमी ह्या घरच्या न्हाय. दिल्या घरच्या. लेकीच्या बस्त्याचं पयलं कुंकू घरच्या सुनंचं असतं. हे तुमाला ठाव न्हाय?"

मला ठाऊक होतं. ढोकीत जन्मले, मला ठाऊक नसेल? पण इतकी वर्षं तिकडं राहून त्याचा धाक माझ्या मनातून निघून गेला होता, आणि ऐन वेळी नाशिकची रीत तेवढी पुढं आली. पण ते बाजूला. ज्याला कडेवर वागवलं त्यानं चार परक्या माणसांत मला परकं म्हटलं. मी गादीच्या कडेला बसले.

"आम्हीच लावायला सांगितलं," काका म्हणाले.

"मुलीच्या बापाबिगर बस्त्याला हात लावला तुमी?"

"मुलीचा बाप दगडाला गूळ चारीत बसला, त्याला आम्ही काय करणार?"

कला म्हणाली, "आवो, जाऊ द्या." दोन्हींकडं बघून म्हणाली. कोणी ऐकलं नाही. दत्तू म्हणाला, आमच्या पिराला दगड म्हणता? काका म्हणाले, तुमच्या घरात कोण मालक आहे ते आधी ठरवा, मग लग्न करू. दत्तू म्हणाला, आमी काय पोरगी वाऱ्यावर टाकलेली न्हाय. दुकानातली बाकीची बस्त्याची माणसं साड्या हातात धरून आमचा तमाशा बघायला लागली. दोघा म्हाताऱ्यांची तोंडं धरून एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं.

मग ऋतुजा बोलली. शालू अजून तिच्या खांद्यावर होता. "महेश, तुमी बोला ना. तुमी सांगा काकांना."

सगळे महेशकडं वळले. काकासुद्धा. मी शपथेवर सांगते, त्या वेळी त्या पोरानं "काका, जाऊ द्या, बस्ता होऊ द्या" एवढे शब्द जरी बोलले असते तरी दोघे म्हातारे खाली बसले असते. दोघांनाही बसायचंच होतं, कोणीतरी हात धरून बसवायला हवं होतं.

महेशनं फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "काका म्हणतील तसं," तो म्हणाला.

ऋतुजानं शालू खांद्यावरून काढला. दुकानातला माणूस घ्यायला पुढं आला, तर तिनं त्याला दिला नाही. स्वतः घडी घातली, मोडलेल्या घडीवरून घडी, पदर आत, आणि मग चादरीवर ठेवला. "आप्पा, चला," म्हणाली.

काकांचा पेढ्यांचा पुडा उघडलाच गेला नव्हता. आम्ही जिना चढत होतो तेव्हा ते तो परत जीपमध्ये ठेवत होते.

रविवार, ढोकीतच

अमावस्येचा दिवस. मी धपाटी केली, कोणी खाल्ली नाहीत. दत्तू बाहेरच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत राहिला. दुपारनंतर तो माझ्यापाशी येऊन बसला.

"आक्का, तुमी कुंकू लावलं ते चुकलं. म्या बोललो तेबी चुकलं. पर ह्यात पोरीचं गेलं."

मी म्हटलं, "मला लागलं दत्तू. खोटं कशाला बोलू? लई लागलं." तो मान खाली घालून बसला. मीही त्याचं सांत्वन केलं नाही.

संध्याकाळी अमावस्या सरली तसा मध्यस्थाचा फोन. काका नरमले होते. रागात बोलून गेलो, पिराची माफी मागतो, पुन्हा बसू, म्हणाले. दत्तूच्या जिवात जीव आला. त्यानं फोनवरच "तसं कसं, तसं कसं, आमचंबी चुकलं" सुरू केलं. कलानं देवापुढं साखर ठेवली. मलाही वाटलं, सुटलो बुवा.

ऋतुजा चुलीपाशी होती. तिला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "न्हाय."

"आगं, पन काका सोता म्हणत्यात..."

"आप्पा, तुमी अन् काका भांडलात. तुमी आज गोडबी झालात. तुमचं माझ्या मनात काय न्हाय. पण त्यानं तोंड उघडलं न्हाय." मग तिनं भाकरी उलटली. "उद्या दुसरं कशावरनं भांडण हुईल. तवाबी म्या शालूची घडी घालायची का?"

दत्तू चिडला, मग गयावया करू लागला. कला रडली. मला तिचं पटत होतं आणि तेच मला सगळ्यात जास्त छळत होतं, कारण हसत भांडी घासणारी ती पोर मी दोनच दिवसांपूर्वी पाहिली होती.

सोमवार, परतीची वाट

नाशिकची बस आता महामार्गावरून, मार्केटच्या समोरूनच मिळते. त्यामुळं सकाळी मी ऋतुजाबरोबर शटलमध्येच बसले. निघताना दत्तूनं माझ्या पिशवीत गुळाची ढेप घातली. माहेरची साडी त्याला बस्त्यातच घ्यायची होती, ती राहिली, असं म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

गाडीत बसताना ऋतुजानं सवयीनं शेजारच्या जागेवर डब्याची पिशवी ठेवली. येडशी यायच्या आधी तिनं ती उचलली, आणि उभ्या असलेल्या एका म्हातारीला बोलावून तिथं बसवलं.

येडशीला महेश चढला. आमच्यापाशी आला, दांडा धरून उभा राहिला. "आत्या, नमस्कार," म्हणाला. मग तिला म्हणाला, "ऋतुजा, काका तयार झालेत. सगळं नीट होईल. तू कशाला काळजी करतेस?"

ती म्हणाली, "मी करत न्हाय." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तो पुढं काहीबाही बोलत राहिला. मध्यस्थ काय म्हणाला, आई काय म्हणाली, पुढचा मुहूर्त कधी आहे. खरंच, गाडीत तो फार छान बोलतो. डोंगर संपेपर्यंत बोलत होता. ती म्हातारी कौतुकानं ऐकत होती.

जुनं स्टेशन आलं. ऋतुजा उठली आणि दाराकडं निघाली.

"अगं, इथं कुठं?" मी म्हटलं. "तुझी लॅब तर मार्केटला."

"चालत जाईन आत्या," ती म्हणाली. वाकून माझ्या पाया पडली. "पोचलात की फोन करा." आणि उतरली. ज्या गाडीच्या पुढच्या वाटेसाठी तिनं अर्जावर सह्या गोळा केल्या, त्या वाटेनं तिला आता जायचं नव्हतं. फलाट मोकळा होता. टोकाला लिंबाखाली कुणीतरी ताजा गूळ ठेवलेला दिसला.

गाडी सुटली. पुढं रस्ता रुळांच्या अगदी कडेनं जातो. ती त्या रस्त्यानं चालली होती, डब्याची पिशवी खांद्याला, भरभर. गाडीनं अजून वेग धरला नव्हता. महेश तिच्या रिकाम्या जागेवर बसला, खिडकीशी. खिडकी उघडी होती. ती इतकी जवळ होती की तिच्या वेणीचं रबर कुठल्या रंगाचं आहे ते मला दिसत होतं.

"मारा हाक," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. ओठ हलल्यासारखे झाले.

"अहो, मारा की!"

गाडीनं तिला मागं टाकलं. तो मान वळवून बघत राहिला, रस्ता वळणाआड जाईपर्यंत.

"गाडीच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसतं, आत्या," तो म्हणाला.